फक्कीने आखलेले घर

आमच्या रस्त्याकडच्या दारापासून फाटकापर्यंत अठरा फुटांचा एक उतार आहे. फाल्गुन सरत आला की फाटकापाशी उभ्या असलेल्या कडुनिंबाचा मोहर त्यावर गळू लागतो. ही फुले इतकी लहान असतात की एकेक करून दिसत नाहीत. दोन दिवसांनी उताराचा करडा रंग थोडा फिकट झालेला जाणवतो आणि वाऱ्यावर तो कडवट-गोड वास येतो, ज्याच्यासाठी मला अजून नेमका शब्द सापडलेला नाही. आज सकाळी झाडू घेऊन मी बाहेर आलो आणि थांबलो. मोहराचा थर अगदी सारखा, अखंड पडला होता. त्यावरून कोणी गेले नव्हते. जाणारे कोणी घरात नाही, हे मला ठाऊक होतेच. पण सकाळच्या कोवळ्या उन्हात ते असे जमिनीवर अंथरलेले पाहण्याची माझी तयारी नव्हती.

हे दिवस परीक्षांचे. मोताळ्यात या दिवसांत सकाळी अकराच्या सुमारास एक वेगळी शांतता उतरते. बसस्टँडवरचा गलका चालूच असतो, रसवंतीची घुंगरे वाजतच असतात, पण शाळेच्या दिशेचा सारा आवाज कोणीतरी झाकण लावल्यासारखा बंद होतो. तीस वर्षे मी त्या झाकणाच्या आत असे. गणिताचा शिक्षक म्हणून बाकांच्या रांगांमधून पुरवण्या वाटत हिंडत असे. आता ती घंटा मला घरात ऐकू येते आणि नकळत मी तीन तास मोजू लागतो. आज कोणाचा कोणता पेपर आहे, याची चौकशी करण्याचा मला काही अधिकार उरलेला नाही.

अशाच एका परीक्षेच्या मोसमात, सात वर्षांपूर्वी, मी या घराचा नकाशा काढत होतो. नकाशा म्हटले की लोकांना खोल्या दिसतात. मला तेव्हा एकच प्रश्न दिसत होता: माझी मुलगी रेणुका कोणालाही हाक न मारता आपल्या खोलीतून रस्त्यापर्यंत जाऊ शकेल का?

त्याआधी दोन वर्षे रेणू गच्चीवरून पडली होती. तुरी वाळत घातल्या होत्या, आभाळ आले म्हणून गोळा करायला ती घाईने वर गेली आणि कठडा नसलेल्या बाजूने पाय गेला. त्यानंतर तिचे पाय कमरेपासून तिचे राहिले नाहीत. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. म्हणजे घरात आम्ही दोघेच, आणि घर भाड्याचे, वरच्या मजल्यावर, चौदा पायऱ्यांचे. चाकाच्या खुर्चीला त्या घरात जेमतेम दीड खोली मोकळी होती. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची अडे. न्हाणीपाशी एक पायरी होती. बाहेर जायचे म्हणजे मी तिला उचलून चौदा पायऱ्या उतरायचो, तिला खाली मारुतीच्या पारावर बसवायचो आणि पुन्हा खुर्ची आणायला वर जायचो. त्या दोन मिनिटांत ती पारावर ज्या तऱ्हेने बसलेली असे, मान खाली, हातांची घडी, ते मी शक्यतो पाहत नसे.

दिवसभर तिची हाक येई. बाबा, पाणी. बाबा, ते पुस्तक. बाबा, पडदा. मी शाळेत असलो तर खालच्या मजल्यावरच्या काकूंना. एका संध्याकाळी ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "आज किती वेळा हाक मारली मी तुम्हाले, माहीत आहे?"

"नाही बुवा."

"एकवीस. शाळेतून आल्यापासून. मी मोजून राह्यली होती."

मी हसण्याचा प्रयत्न केला. ती हसली नाही. "बाबा, मले असं घर पाहिजे की जिथं एखादा दिवस शून्य येईल."

आकडा ऐकला की गणिताच्या शिक्षकाला काम मिळते. दुसऱ्याच दिवशी मी आलेखवही आणली. गावाबाहेरच्या नव्या वस्तीत आमची एक जागा होती, कित्येक वर्षांपासून नुसती काटेरी बाभळीला दिलेली. मी एक चौकोन म्हणजे एक फूट धरला. बारीक टोकाची पेन्सिल घेतली. पेपर तपासणीच्या गठ्ठ्यांआधीचे ते पंधरा दिवस मला इतके सुखाचे गेले की आज ते कबूल करताना संकोच वाटतो. उताराला एक इंच चढायला बारा इंच लांबी लागते, हे प्रमाण वाचले तेव्हा मला एखादे सुंदर प्रमेय भेटल्यासारखे झाले. खुर्चीला जागच्या जागी वळायला पाच फुटांचे वर्तुळ लागते. ते वर्तुळ मी कंपासने प्रत्येक खोलीत काढले. नकाशाभर चंद्र उगवल्यासारखे दिसत होते.

दारांची मापे मात्र मी दुपारी घेतली, रेणू झोपलेली असताना. कोपऱ्यातली तिची खुर्ची टेपने मोजली: पंचवीस इंच. चौकटीच्या आत सव्वीस इंच मोकळे मिळाले म्हणजे झाले, असे ठरवून टाकले. तिला जागे करून विचारले असते तर दोन मिनिटे लागली असती. पण विचारण्यापेक्षा मोजणे मला नेहमीच सोपे गेले आहे.

नकाशा पुरा झाला तेव्हा मी तो तिच्या मांडीवर ठेवला आणि उगाच चहा करायला आत गेलो. परत आलो तर ती बोटाने रेषांवरून फिरत होती. तिच्या खोलीतून न्हाणीत. न्हाणीतून परत. तिच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून माझ्या खोलीत. बोट पुन्हा निघाले, पुन्हा तिथेच आले.

"छान काढला आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "बाबा, तुमच्या नकाशात मी सगळीकडे जाऊन राह्यली. फक्त बाहेर नाही."

मी पाहिले. खरे होते. तिची खोली मी अगदी मागे ठेवली होती, निवांत म्हणून. तिथून दर्शनी दाराकडे जायचे तर माझ्या खोलीतूनच जावे लागत होते. उशाशी एक घंटीचे बटण दाखवले होते, ज्याची घंटा माझ्या पलंगापाशी वाजणार होती.

"आणि ही घंटी कशाले?"

"लागली तर."

"हाक बंद करायची म्हणून घर बांधायचं, आन् घरात घंटी बसवायची?" तिने पेन्सिल घेतली आणि बटणाच्या खुणेवर हलकी फुली मारली.

बांधकामाला रोहिणखेडचे हमीदभाई मिस्त्री येणार होते. साठीचे, सडपातळ, कानावर कायम पेन्सिल. त्यांनी माझा कागद दोन्ही हातांनी धरला, लग्नपत्रिका वाचावी तसा वाचला आणि म्हणाले, "सर, फ्रेम करून लावासारखा हाय. पन एक सांगा. खुर्ची तुमी रिकामीच मोजली, का मानूस बसेल असताना?"

"रिकामी," मी म्हणालो.

"मंग दारातून रिकामी खुर्चीच जाईन. पोरगी बाहेर राहीन." मग माझा चेहरा पाहून त्यांनी आवाज उतरवला. "चाक हातानं फिरवा लागते ना सर. हाताची बोटं बाहेर येतात, कोपर बाहेर येते. चौकटीले रोज घासून घासून सालटं निघतीन तिचे."

तिची बोटे मी तोवर हजार वेळा पाहिली होती. भाड्याच्या घरातल्या चौकटीला घासून उजव्या हाताच्या पेरांवर पडलेले ओरखडेही पाहिले होते, त्यांना हळद लावली होती. आणि तरी टेप लावताना मला ती आठवली नव्हती.

"कागद राहू द्या," हमीदभाई म्हणाले. "परवा पोरीले जाग्यावर आना. घर खालीच काढू."

तो दिवस हेच या आठवणींचे मर्म आहे. बाकीचे सारे त्याच्या अलीकडे-पलीकडे आहे.

हमीदभाईंनी सारी जागा साफ करून तिच्यावर मुरूम पसरला होता, पाणी मारून तो घट्ट केला होता. पाया खोदण्याआधी भिंतींच्या जागा जमिनीवर चुन्याच्या पुडीने आखतात. त्या पुडीला आमच्याकडे फक्की म्हणतात. एरवी फक्की म्हणजे फक्त बाहेरच्या भिंतींची दोरी. त्या दिवशी मात्र त्यांनी आख्खे घर आखले. दारे मोकळी सोडली, ओट्याची जागा दाखवली, न्हाणी, खिडक्या, सगळे. तांबूस मुरुमावर पांढऱ्या रेषांचे ते घर उन्हात लखलखत होते आणि फाटकाच्या जागेजवळच्या निंबाचा मोहर त्याच्यावर गळत होता.

कोपऱ्यावर पिठाची गिरणी चालवणाऱ्या शकूमावशी हे पाहायला आल्या. "काय सर, एवढी मोठी रांगोळी काऊन काढून राह्यले? दिवाळी त लांब आहे."

माझ्याआधी रेणूच बोलली. ती खुर्चीत बसून रस्त्याच्या कडेने चाके ढकलत ढकलत आत येत होती. "मावशी, चप्पल काढा. हॉलमध्ये उभ्या आहा तुम्ही."

"हाव का माय. मले वाटलं न्हानीच आहे," म्हणत शकूमावशींनी खरोखरच चपला काढल्या आणि रेषेबाहेर नीट जोडून ठेवल्या.

मग रेणू त्या घरात फिरली. भिंती नसलेल्या घरात. हॉलमधून स्वयंपाकघरात वळताना तिचे मागचे चाक रेषेवर चढले. हमीदभाईंनी पायाने ती रेष पुसली आणि चाकाच्या पलीकडे नवी ओढली. "भित सरकवली. चाला पुढं." न्हाणीच्या दारात तिच्या कोपराने चौकट म्हणून रोवलेल्या काठीला धक्का दिला, तर त्यांनी दार चार बोटे रुंद केले. ओट्यापाशी तिने हवेत पोळी लाटून दाखवली आणि गुडघे कुठे अडतात ते सांगितले. माझे सुंदर चौकोन एकामागून एक पुसले जात होते. जिथे चाक गेले तिथे जागा झाली. इतक्या वर्षांत मी फळ्यावर किती आकृत्या काढल्या असतील. आकृतीलाच आत बसून आपली बाजू सांगताना मी प्रथम पाहत होतो.

ती मागच्या खोलीत गेली, तिच्या खोलीत. बराच वेळ तिथे थांबली. "हमीदभाई," तिने तिथूनच विचारले, "माझी खोली पुढं घेता येईल का? रस्त्याकडून. तिले बाहेरचं दार पाहिजे."

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले असावे. खोली मागे का ठेवली, याचे उत्तर मी तयार ठेवले होते: धूळ, गाड्यांचा आवाज, निवांतपणा. ते ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. कारण त्या मोकळ्या उन्हात, भिंती नसलेल्या घरात, मला स्पष्ट दिसले की मला आवाजाची भीती नव्हती. लोक तिच्याकडे पाहत तेव्हा काय करावे ते मला कळत नसे. बाजारात कोणी थांबून "कसं झालं हो सर हे?" विचारले की मी घड्याळाकडे बघे. तिची सोय म्हणून मी माझा संकोच भिंतींमध्ये बांधायला निघालो होतो.

"घ्या पुढे," मी म्हणालो. त्या दिवसभरात मी बोललेले ते बहुधा एकमेव उपयोगी वाक्य.

हमीदभाईंनी खोली पुढे आखली. तिला बाहेरचे दार दिले. दारासमोर उताराच्या दोन लांबच लांब रेषा ओढल्या. जमीन काळी, पावसाचे पाणी तुंबते, म्हणून त्यांना जोते अडीच फूट उंच हवे होते. उताराच्या हिशेबात ते दीड फुटावर आले आणि त्यापायी सगळे घर चार फूट मागे सरकले. रेणू नव्या दारातून निघाली. दोन रेषांच्या मधून फाटकाच्या जागेपर्यंत आली. आम्हाला वाटले, आता वळेल. ती वळली नाही. रस्त्यावर उतरली आणि गिरणीच्या दिशेने निघाली.

मी धावायला निघालो तर हमीदभाईंचा हात दंडावर पडला.

"सर, भितीतून चालले तुमी."

खाली पाहिले तर माझे दोन्ही पाय फक्कीवर होते.

"दार तिकडं हाय. आन् मी सांगू का, जाऊच नका."

रस्त्याच्या कडेला बैलगाडीच्या चाकोरीत तिचे पुढचे लहान चाक रुतले. ती मागे रेटत होती, पुढे रेटत होती. पाठमोरी होती, चेहरा दिसत नव्हता. मी भिंतीत उभा राहून हाकेची वाट पाहत होतो. आता येईल. आता. माझे सगळे शरीर त्या एका शब्दासाठी कान झाले होते, आणि आज लिहिताना हेही लिहिले पाहिजे की मला ती हाक हवी होती. तिने खुर्ची तिरकी केली, एक हात थांबवून दुसऱ्याने जोर दिला, चाक निघाले. शकूमावशी अनवाणीच तिच्यामागे आपल्या गिरणीकडे निघाल्या होत्या. त्या तिच्या पुढे झाल्या नाहीत आणि त्यांनी खुर्चीला हातही लावला नाही.

परत आली तेव्हा तिच्या केसांवर पिठाची बारीक धूळ होती. "गरम पिठाचा वास घेऊन आली," एवढेच म्हणाली. आमच्या जागेपासून गिरणीपर्यंत रस्त्यावर चुन्याच्या दोन बारीक पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या, जाताना ठळक, पुढे पुढे फिकट. माझ्या नकाशातली एकही रेष मला तशी ओढता आली नव्हती. वाऱ्याने त्या दोन दिवसांत नेल्या.

घर पुढच्या वर्षी उभे राहिले. राहायला आल्यावर चैत्रात एकदा मी शाळेतून परतलो तर रेणू आपल्या खोलीत वाचत बसलेली. घर नेहमीसारखे. पण हॉलच्या फरशीवर निंबाच्या चिरडलेल्या मोहराचे दोन पट्टे तिच्या बाहेरच्या दारापासून खोलीतून थेट स्वयंपाकघराकडे गेले होते. ती बाहेर जाऊन आली होती. कुठे, किती वेळ, तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. दोन दिवस मी हॉल झाडला नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, झाडून राह्यले नाही का तुम्ही?" मी म्हणालो, "राहून गेले." तिने फरशीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पुस्तकात डोके घातले. आमच्यात त्या विषयावर झालेला हा एकमेव संवाद.

शून्याचे दिवस येऊ लागले. आधी आठवड्यातून एक, मग लागोपाठ. तिने बँकेची परीक्षा दिली, ती उत्तीर्ण झाली, आणि तीन वर्षांपूर्वी अमरावतीला गेली. तिथल्या तळमजल्यावरच्या घराची मापे तिने स्वतः घेतली, बसून, हात चाकांवर ठेवून. माझी मदत लागली नाही. घराने आपले काम इतके चोख केले की त्याची आणि माझी गरजच संपली.

आता या घरात मी एकटा राहतो, आणि घर अजून तिच्याच उंचीचे आहे. ओटा खाली आहे. भाजी चिरताना माझी पाठ वाकते. न्हाणीतला आरसा बसलेल्या माणसासाठी लावलेला, त्यात मला माझ्या सदऱ्याची बटणे दिसतात, तोंड दिसत नाही. दाढी करायची असली की मी तिने मागे ठेवलेल्या जुन्या खुर्चीत बसतो. मग चेहरा समोर येतो, थकलेला, अनोळखी, कोणाच्या तरी घरी पाहुणा आल्यासारखा. रुंद दारांतून मी एकटा जातो-येतो तेव्हा दोन्ही बाजूंना उरलेली जागा जाणवते. शकूमावशी म्हणतात, "सर, वर घ्या ना तो ओटा. कमर मोडीन तुमची." मी हो म्हणतो. दोनदा मिस्त्रीला बोलावून आणले आणि चहा पाजून परत पाठवले.

आणखी एक गोष्ट रेणूला मी कधी सांगितलेली नाही. तिने फुली मारली तरी घंटीची तार मी भिंतीतून ओढून घेतली होती. बटण तिच्या पलंगामागे आहे, कपाटाआड. ते तिला ठाऊक असावे, कारण तिला सगळेच ठाऊक असते. पण ते तिने एकदाही दाबले नाही. दर रविवारी दुपारी मी तिच्या खोलीत जातो आणि घंटी चालू आहे का पाहायला ते दाबतो. पलीकडे माझ्या रिकाम्या खोलीत ती वाजते. हाक मारावी लागू नये असे घर मी बांधले. हाक मारावीशी वाटली तर ती कुठे ठेवायची, त्याची जागा नकाशात राहून गेली.

परवा तिचा फोन आला होता. पाडव्याला जमेलसे दिसत नाही, मार्चअखेरचे काम आहे, असे म्हणाली. मी म्हणालो, "बरं." तीन वर्षांत प्रत्येक वेळी मी हाच शब्द वापरला आहे. तिच्या येण्याला बरं, न येण्यालाही बरं. तिला मोकळे ठेवायचे म्हणून. की विचारायचे धाडस नाही म्हणून, ते मी आजवर मोजलेले नाही.

आज झाडू हातात धरून उताराच्या वरच्या टोकाशी उभा असताना मला एकदम त्या फक्कीवर पाय रोवून उभे राहिल्यासारखे वाटले. दार दुसरीकडे आहे आणि मी भिंतीतून चाललो आहे, असे. मी आत गेलो आणि फोन लावला. तिची कामाची वेळ व्हायची होती.

"काऊन बाबा? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग?"

सकाळच्या शाळेची घंटा झाली. मी ती संपू दिली. जे म्हणायचे होते ते मला म्हणता आले नाही. जे आले ते म्हणालो.

"उतारावर मोहर पडला आहे. झाडायला निघालो होतो."

पलीकडे तिच्या खिडकीबाहेरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत मला ऐकू येत राहिला.

"झाडू नका," ती म्हणाली.

मी झाडू पुन्हा दारामागच्या खिळ्याला अडकवला. तो खिळा अडीच फुटांवर आहे. त्याच्यासाठी मला वाकावे लागते.